खिडकीतून दिला जाणारा धडा
(अर्धापूर येथे पालक व शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



मुलांना संस्कार कोणी द्यावयाचे, हा प्रश्न पालक-शिक्षकांच्या प्रत्येक बैठकीत निघतो आणि प्रत्येक वेळी तो एकमेकांच्या अंगणात टाकला जातो. पालक म्हणतात, पोर दिवसाचे सहा तास शाळेत असते. वह्या-पुस्तके घेतली, फी भरली, आता वळण लावणे हे गुरुजींचे काम. गुरुजी म्हणतात, उरलेले अठरा तास पोर घरी असते. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि दोघांनीही त्यातून आपापली पळवाट काढलेली आहे.

मूल्ये कोणती, याविषयी महाराष्ट्रात फारसा संभ्रम नाही. शालेय परिपाठाच्या निमित्ताने दहा मूल्यांची यादी घरोघरी पोहोचलेली आहे. नीटनेटकेपणा आणि वक्तशीरपणा यांपासून श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, वैज्ञानिक दृष्टिकोन आणि राष्ट्रीय एकात्मता यांपर्यंत ती मुलांना तोंडपाठ असते. नांदेडचे शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय स्थायी समितीने १९९९ साली मूल्याधिष्ठित शिक्षणावर अहवाल दिला. सत्य, सदाचार, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मूल्ये त्या समितीने मूलभूत मानली. पुढे हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००२ साली निकालही लागला. त्या साऱ्या काळात वाद रंगला तो मूल्यशिक्षणाचा धर्माशी संबंध कितपत असावा, यावर. मुलांच्या देखत ही मूल्ये कोणी आचरावयाची, हा साधा प्रश्न मात्र मागेच राहिला.

त्याचे उत्तर शोधावयाचे तर परिपाठाकडे पाहून भागणार नाही. दहावी-बारावीच्या परीक्षाकेंद्राकडे पाहिले पाहिजे. ते दृश्य या जिल्ह्यात कोणाला अपरिचित नाही. भिंतीवर चढलेला चुलतभाऊ, खिडकीतून आत पडणारी चिठ्ठी, नेमक्या त्याच क्षणी पाठ फिरवून उभे असलेले पर्यवेक्षक आणि या दोघांच्या मध्ये बाकावर बसलेले सोळा वर्षांचे मूल! घर आणि शाळा यांच्यात सहकार्य नाही, अशी तक्रार नेहमी केली जाते. परंतु या तीन तासांत ते सहकार्य परिपूर्ण असते. दहा वर्षांचा परिपाठ त्या तीन तासांत पुसला जातो, आणि जो धडा त्या जागी लिहिला जातो तो मूल जन्मभर विसरत नाही. नियम बोलण्यासाठी असतात, काम मात्र ओळखीने होते, हा तो धडा.

परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ सालापासून कायदा आहे. तरीही नांदेड जिल्ह्यात कॉपीला खरा आळा घालण्याचा गंभीर प्रयत्न व्हावयास २०१० साल उजाडावे लागले. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्त परीक्षेची मोहीम हाती घेतली. निकाल घसरला, आणि आजवरच्या फुगलेल्या आकड्यांमागे काय दडले होते ते उघड झाले. पुढे ही मोहीम राज्यभर नेण्यात आली. याच जिल्ह्यात शाळांच्या पटाचीही पडताळणी झाली. ऑक्टोबर २०११ मध्ये ती राज्यभर झाली, तेव्हा पटावर नावे असलेली सुमारे २० लाख मुले प्रत्यक्ष वर्गात आढळली नाहीत. ज्या हजेरीपटावर खोटी नावे मांडली जातात, तोच हातात धरून सत्याचा पाठ कसा द्यावयाचा? आपल्या वर्गात कोण येते आणि कोण कधीच आलेले नाही, हे वर्गातील लहानात लहान मुलालाही ठाऊक असते.

एवढे सांगून माणसे बिघडली असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तथापि तो खरा नाही. खिडकीबाहेरचा बाप मुलाचा वैरी नसतो. त्याने जमिनीचे वाटे होताना पाहिलेले असतात. इसापूर धरणाच्या पाण्यावर अर्धापूरची केळी उभी राहिली खरी; पण वादळाने बाग आडवी होते आणि भाव व्यापाऱ्याच्या हाती असतो, हे त्याला ठाऊक असते. दहावी नापास म्हणजे मुलाला नोकरीचे दार बंद, आणि मुलीच्या बाबतीत अनेकदा थेट लग्नाची बोलणी. म्हणून तो भिंतीवर चढतो, तो मायेपोटी. शाळेचीही अडचण अशीच असते. तिचे नाव निकालाच्या टक्क्यांवर टिकते. लातूरच्या शिक्षकांनी परिश्रमाने नावारूपाला आणलेल्या अभ्यासपद्धतीभोवती पुढे शिकवण्यांचा बाजार उभा राहिला. आज लहान गावांतील कुटुंबे कर्ज काढून नांदेड-लातूरला मुलांसाठी खोल्या घेतात. गुण हेच एकमेव चलन झाले की खोटे चलनही बाजारात येणारच. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेतील गैरप्रकारांबाबत लातुरात गुन्हा नोंदविला गेला, तेव्हा संशयितांत जिल्हा परिषदेचे शिक्षक होते. हा योगायोग मानून पुढे जाता येणार नाही.

म्हणून मूल्यशिक्षणाचा प्रश्न केवळ उपदेशाचा राहत नाही. ज्या व्यवस्थेत प्रामाणिक मूलच हरते, त्या व्यवस्थेत प्रामाणिकपणाचा उपदेश करणे हे त्या मुलाशी क्रौर्य होय. कॉपीची सुरुवात दहावीच्या केंद्रावर होतच नाही. तिसरीच्या वर्गातील मुलाला वाचता येत नाही हे शिक्षकाला कळते, पालकालाही कळते, आणि दोघेही गप्प राहतात, तेथे ती होते. त्या मौनाची किंमत सात वर्षांनी चिठ्ठीच्या रूपाने चुकवावी लागते. केंद्रावर पोलीस उभे करून चिठ्ठी थांबते. पण त्यामुळे वाचता न येणाऱ्याला वाचता येऊ लागत नाही.

अर्धापूरच्या शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगावयास नको. कार्बाइडची पूड टाकून पिकविलेला घड बाहेरून पिवळाधमक दिसतो, आत मात्र कच्चाच राहतो. असा घड तो आपल्या पोरांना खाऊ घालणार नाही. गुणपत्रिकेच्या बाबतीत मात्र तोच माणूस रंगावर समाधान मानतो.

मराठवाड्याचा वारसा याहून वेगळा आहे. निजामी राजवटीत मराठीतून शिकणे दुर्मीळ होते, तेव्हा लोकांनी पदरमोड करून खासगी शाळा चालविल्या. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईत शिकविणारे स्वामी रामानंद तीर्थ हे मुक्तिलढ्याचे नेते होण्यापूर्वी शिक्षक होते. १९३८ साली वंदे मातरम् म्हणण्यावरील बंदी मोडली म्हणून उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थ्यांना काढून टाकले; नागपूर विद्यापीठाने त्यांना आपलेसे केले. त्या तरुणांनी एका मूल्यासाठी पदवी पणाला लावली होती. आज पदवीसाठी मूल्य पणाला लावले जाते, आणि नांदेडच्या विद्यापीठाच्या त्या पदवीपत्रावर स्वामीजींचेच नाव छापलेले असते!

मग करावयाचे काय? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे बंधन घातले आहे. हा अधिकार बहुतेक ठिकाणी सही करण्यापुरता उरला आहे. त्या समितीत बसणाऱ्या आईने निकालाचा टक्का विचारण्याआधी तिसरीतील किती मुलांना वाचता येते, असे विचारावे; आणि शिक्षकाने खरे उत्तर द्यावे. त्या खऱ्या उत्तराबद्दल शिक्षकाची निंदा न करता मुलाला अधिक वेळ कसा देता येईल, हे पालकांनी त्याच्याबरोबर बसून ठरवावे. प्रगतिपुस्तकात कमी गुण दिसले तर घरी मुलाला मार बसू नये. खऱ्या गुणांसाठी मार खाणारे मूल खोटे गुण आणावयास आपोआप शिकते. ‘शिकला नाहीस तर ढोरे राखावी लागतील,’ हे वाक्य ज्या घरात रोज ऐकू येते, त्या घरातील मुलाला श्रमप्रतिष्ठा शाळेतल्या भिंतीवरून कळणार नाही. त्याचप्रमाणे भाऊ शिकवणीला जात असताना बहिणीला भांड्यांपुढे बसविले, तर समानतेचे मूल्य त्याच संध्याकाळी पुसले जाते.

शासनाची जबाबदारी यातून सुटत नाही. रिकाम्या शिक्षकजागा भरणे, शिक्षकांवरील अशैक्षणिक कामांचे ओझे उतरविणे आणि नापास झालेल्यालाही सन्मानाने जगता येईल असे काम उपलब्ध करणे, या मागण्या मूल्यशिक्षणाच्याच मागण्या आहेत आणि त्या पालक-शिक्षकांनी मिळून लावून धरल्या पाहिजेत.

तथापि एक गोष्ट शासनाची वाट न पाहता होण्यासारखी आहे. येत्या परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या खिडकीबाहेर गावातील एकही माणूस उभा नसावा, आणि आतल्या पर्यवेक्षकाला पाठ फिरविण्याची गरज पडू नये. काही मुले नापास होतील. त्यांच्यासाठी दुसऱ्याच दिवसापासून शाळेचे दार उघडे राहावे आणि घरात भाकरी तितक्याच मायेने वाढली जावी. एवढे झाले तर परिपाठातील ‘सत्य’ या शब्दाचा अर्थ त्या मुलांना कोणी समजावून सांगण्याची गरज उरणार नाही.