कळप कोणाचा?



आज आपण मंगोलियाचा हिशेब मांडू. तिथे ना कापूस, ना ज्वारी. जनावर हीच शेती.

रशियाच्या लाल सैन्याच्या मदतीने १९२१ मध्ये तिथे क्रांती झाली, १९२४ मध्ये 'लोक प्रजासत्ताक' आले. १९३० च्या सुमारास सरकारने कळप सक्तीने सामुदायिक केले. लोकांनी देण्यापेक्षा जनावरे कापली. देशाचे जवळपास एक तृतीयांश पशुधन बुडाले. १९३२ मध्ये बंड पेटले, सरकारने माघार घेतली. तरी १९५९ पर्यंत जवळजवळ सगळे पशुपालक सरकारी शिस्तीच्या सहकारी संघांत गेले. शाळा, दवाखाना, वैरण मिळाली. पण किती माल घालायचा आणि काय भावाने, हे वरून ठरे.

१९९० मध्ये तरुण राजधानीच्या चौकात उपोषणाला बसले. पॉलिटब्यूरोने राजीनामा दिला. १९९२ च्या घटनेने नावातले 'लोक' गेले. कळप घरी आले, पण वैरणीचे साठे आणि विहिरींची देखभाल मोडली. १९९९ ते २००२ च्या हिवाळ्यांत लाखो जनावरे मेली.

आम्ही म्हणतो, जनावर ज्याचे, दावे त्याच्याच हाती हवे. पण दुष्काळातली वैरण एकट्याच्या आवाक्यातली नाही. ती आपण मिळून साठवायची, की पुन्हा वरच्याच्या तोंडाकडे पाहायचे?