‘साहेब, कॅमेऱ्यात बघा ना!’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पुण्यातल्या आमच्या सोसायटीत छप्पन्न फ्लॅट आहेत आणि खाली पार्किंग. मी सेक्रेटरी असताना तिथं आठ कॅमेरे बसवले. सर्वसाधारण सभेत चर्चा झाली ती एकाच मुद्द्यावर, प्रत्येकाच्या वाट्याला किती रुपये येणार? सर्वांत कमी दराचं कोटेशन मंजूर झालं. बसवणाऱ्यानं कोपऱ्याकोपऱ्यांत कॅमेरे लावले आणि टीव्हीच्या पडद्यावर आठ चौकटी दाखवल्या. आम्ही खूश! पेढेसुद्धा वाटले.

वर्षभरानं एक मोटारसायकल चोरीला गेली. मालक सहकुटुंब गावी गेले होते. नवव्या दिवशी परतले, तर जागा रिकामी. संशय कुणावर? तो नेहमी हाताशी असलेल्या गरीब माणसावरच जातो. रात्रपाळीच्या वॉचमनमामांना सगळ्यांनी घेरलं. मामा एकच वाक्य पुन्हापुन्हा सांगत होते, ‘‘साहेब, कॅमेऱ्यात बघा ना!’’

आम्ही बघायला बसलो. रेकॉर्डिंग होतं फक्त शेवटच्या सहा दिवसांचं. त्याआधीचं पुसून त्यावर नवं चढलं होतं. यंत्रात बिघाड काहीच नव्हता. हिशेब आम्हीच केला नव्हता.

हा हिशेब अगदी सोपा आहे. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या वेगानं चित्रण साठवत असेल, तर दिवसाला साधारण २२ जीबी जागा लागते. आठ कॅमेऱ्यांना सुमारे १७३ जीबी. आमची हार्ड डिस्क एक टीबीची, म्हणजे हजार जीबीची. सहाव्या दिवशी ती भरायची आणि जुनं पुसायला सुरुवात व्हायची. महिनाभराचं चित्रण हवं असेल, तर सव्वापाच टीबी जागा लागते. पंधरा दिवस सुट्टीला जाणारी कुटुंबं ज्या सोसायटीत आहेत, तिथं सहा दिवसांचं चित्रण काय कामाचं?

बरं, चित्रण सापडलं असतं तरी चोर ओळखता आला असता का? दोन मेगापिक्सेलचं चित्र आडवं १९२० ठिपक्यांचं असतं. अनोळखी माणसाची चेहऱ्यावरून खात्रीनं ओळख पटायची, तर एक मीटर रुंदीच्या जागेला सुमारे २५० ठिपके मिळायला हवेत, असा या क्षेत्रातला मानदंड आहे. म्हणजे एका कॅमेऱ्यानं जेमतेम साडेसात मीटर रुंदी पाहावी. आमचा एकेक कॅमेरा वीस मीटर पाहत होता. ‘कुणीतरी गेलं’ एवढं त्यात दिसलं असतं. ‘कोण गेलं’ ते नाही.

म्हणून सगळं पार्किंग दाखवायला एक-दोन कॅमेरे ठेवावेत. पण ज्या अरुंद वाटेनं प्रत्येकाला जावंच लागतं, तिथं, म्हणजे फाटकावर आणि जिन्याच्या तोंडाशी, एकेक कॅमेरा फक्त ओळखीसाठी लावावा. तो फार उंचावर नको, नाहीतर टोपी आणि केसच दिसतात. गाडीचा नंबर वाचायचा असेल, तर त्यासाठी वेगळा कॅमेरा लागतो. आमच्या फाटकावरच्या कॅमेऱ्यावर रात्री हेडलाइटचा झोत पडायचा आणि नंबरप्लेटच्या जागी नुसता पांढरा डाग दिसायचा. हे बसवण्याच्या दिवशी कळलंच नाही, कारण चाचणी दुपारी बारा वाजता घेतली होती! चाचणी रात्री घ्यावी, स्वतःचीच गाडी आत आणून.

मग कॅमेऱ्यांचा उपयोग होतो की नाही? होतो. ब्रँडन वेल्श आणि डेव्हिड फॅरिंग्टन या अभ्यासकांनी २००९ साली अनेक पाहण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. कॅमेऱ्यांचा सर्वांत ठळक परिणाम त्यांना वाहनतळांवर दिसला. तिथले गुन्हे निम्म्यानं कमी झाले होते. पण तिथं कॅमेऱ्यांच्या जोडीला चांगले दिवे, सूचनाफलक आणि पहारेकरीही होते, हे त्यांनीच नोंदवलं आहे. बंद पडलेली ट्यूबलाइट बदलायला ज्यांना सवड नाही, त्यांनी कॅमेऱ्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नये.

आणखी तीन गोष्टी. रेकॉर्डिंगचं यंत्र वॉचमनच्या केबिनमध्ये उघडं ठेवू नका. चोर तेच उचलून नेतो. यंत्राचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीनं, पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे जगभर ताब्यात घेतले होते. आणि यंत्राचं घड्याळ दर महिन्याला तपासा. काही घडलंच, तर त्या दिवसाची प्रत लगेच काढून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमानुसार, असं चित्रण न्यायालयात देताना सोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. वेळच चुकीची असेल, तर त्या पुराव्यावर शंका घेतली जाणारच.

कॅमेऱ्याचा डोळा कुणाच्या दारा-खिडकीकडे मात्र नको. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ सालीच सांगितलं आहे. शेजाऱ्याकडे कोण आलं, हे पाहायला कॅमेरा नसतो.

आम्ही पुढं सगळी व्यवस्था नव्यानं केली. पुन्हा सभा झाली. या वेळी पहिला प्रश्न ‘किती रुपये?’ असा नव्हता. ‘उद्या काही घडलं, तर आपल्याला नक्की काय पाहायला लागेल?’ असा होता.

मामा तोवर काम सोडून गेले होते. त्यांच्याविरुद्ध काहीच सिद्ध झालं नाही; पण ते निर्दोष आहेत हेही आम्ही दाखवू शकलो नाही. मोटारसायकल कुणी नेली, ते आजही कळलेलं नाही. कॅमेरा चोर पकडण्यासाठी असतो, असं आपण धरून चालतो. त्या दिवशी त्याच्यावर सर्वांत जास्त भरवसा ठेवला होता तो मामांनी. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कॅमेरे असतील, तर आज संध्याकाळी एवढंच पाहा, किती दिवस मागचं दिसतं?