धैर्यधराचं पद, आशाबाईंचा आवाज

हेडफोन लावलेत ना? आजचं गाणं मोबाईलच्या बारक्या स्पीकरवर ऐकण्यासारखं नाही.

आशा भोसले म्हटलं की आपल्याला आधी आठवतं ते १९७१ चं ‘दम मारो दम’. पण याच आशाबाईंनी संगीत नाटकांतली पदंही रेकॉर्ड केलीत. त्यातली बरीचशी त्यांच्या वडिलांनी, म्हणजे मास्टर दीनानाथांनी रंगभूमीवर गाजवलेली. ‘युवती मना’ शोधा आणि ऐका.

हे पद ‘संगीत मानापमान’मधलं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं नाटक, १९११ सालचं. श्रीमंत घरातली भामिनी गरीब म्हणून धैर्यधराला नाकारते, तो पडला सेनापती, मग मानापमान सुरू. आता गंमत बघा. त्या काळी बायकांच्या भूमिका पुरुष करायचे. भामिनी म्हणजे बालगंधर्व. आणि पुढं धैर्यधराचं पद गातेय एक बाई! तेही नाजूक करून नाही. तानेचा तो एकदम झेपावणारा जोर, जो दीनानाथांची ओळख होता, तो आशाबाईंनी तसाच ठेवलाय.

फरक आहे तो माइकचा. नाटकात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकावा लागायचा. आशाबाई माइकवर वाढलेल्या, त्यामुळं बारीकसारीक हरकतसुद्धा कानाशी येते. मला हे आवडतं. पण एक गोष्ट खटकते, ती म्हणजे गाणं आटोपशीर संपतं. नाटकात लोक ‘वन्स मोअर’ ओरडायचे आणि तेच पद पुन्हा वेगळं फुलायचं. रेकॉर्डला ते जमत नाही. दीनानाथांच्या स्वतःच्या तबकड्यांचंही तेच, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं.

आता आपल्या गावाचा विषय. या पदाची चाल गोविंदराव टेंब्यांची. कोल्हापूरचा माणूस, पेटी अशी वाजवायचा की लोक फक्त पेटी ऐकायला यायचे. मी वापरतो त्या ॲपमध्ये या गाण्याखाली गायिकेचं नाव दिसतं. टेंबे नाहीत, खाडिलकर नाहीत, नाटकाचं नावही नाही. मी रोज डेटाबेसमध्येच डोकं घालून असतो, म्हणून सांगतो, दोन-तीन रकाने भरायचं काम आहे हो! ते रिकामे राहिले की ऐकणाऱ्याला वाटतं हे असंच एक सुटं जुनं गाणं.

आणि कोल्हापूरकरांना ते वाटून चालणार नाही. १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं, त्यात बालगंधर्वांसमोर धैर्यधर होते आपले केशवराव भोसले. त्यांच्या नावाचं नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळताना आपण सगळ्यांनी मोबाईलवर बघितलं. शाहू महाराजांनी उभारलेलं ते थिएटर.

आशाबाईही इथल्या परक्या नाहीत. १९४२ ला दीनानाथ गेले, पुढं मंगेशकर कुटुंब काही काळ कोल्हापुरात होतं. त्यांचं सिनेमातलं पहिलं गाणं १९४३ च्या ‘माझं बाळ’मधलं, मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्सचं.

तर आज रात्री असं करा. आधी दीनानाथांचं रेकॉर्डिंग लावा, खरखर असू दे. मग आशाबाईंचं. आणि तुमच्या ॲपमध्ये टेंब्यांचं नाव दिसलं तर मला स्क्रीनशॉट पाठवा, भावांनो.