टीव्हीचे पैसे कशाकशाचे?

आम्ही पनवेल तालुक्यातल्या कोन गावच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आमच्याकडे जुनं गावठाण आहे, गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या उंच इमारतीही आहेत. घरं वेगळी, पण संध्याकाळी टीव्ही सगळीकडे लागतो.

मागच्या एका बैठकीत आमच्यातल्या एकीने हप्ता अर्धाच आणला. म्हणाली, "केबलवाला पैसे घेऊन गेला." आम्ही विचारलं, "कशाकशाचे?" तिला सांगता येईना. मग लक्षात आलं, आमच्यापैकी कुणालाच सांगता येत नव्हतं. पावशेर मिरच्या घेताना आपण काट्याकडे बघतो, आणि इथे दर महिन्याला न मोजता पैसे देतो.

मग आठ दिवस प्रत्येकीने वहीत लिहिलं: घरात कोण काय बघतं. सासूबाईंचं कीर्तन, आपली मालिका, पोरांची कार्टून, घरधन्यांच्या बातम्या आणि क्रिकेट. कुठल्याच घरात दहाच्या वर वाहिन्या निघाल्या नाहीत. पॅकमध्ये मात्र ढीगभर!

आता नियम ऐका. फेब्रुवारी २०१९ पासून 'ट्राय'च्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमाने, बिलात दोन भाग आले. एक जोडणीचं शुल्क, दुसरा पैशाच्या वाहिन्यांची किंमत. तेव्हा शंभर वाहिन्यांपर्यंत जोडणीला जास्तीत जास्त १३० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे घेता येत. जुलै २०२४ मध्ये ही मर्यादा काढली. आता शुल्क कंपनी ठरवते, पण ते तिने जाहीर करायचं असतं. वाहिन्या सुट्या घ्यायच्या की पॅक, हे मात्र आपणच ठरवायचं. वाहिनीची किंमत टीव्हीवरच्या वाहिन्यांच्या यादीत दिसते.

सुटं नेहमी स्वस्त पडतं असं नाही. आमच्यातल्या काहींचे पैसे वाचले, काहींना छोटा पॅकच परवडला. म्हणून दोन्हींची बेरीज करा, मग सांगा. आणि पावती मागा.

एक गोष्ट मात्र आम्हाला लागली. काटकसर म्हटल्यावर पहिली फुली बाईच्याच मालिकेवर पडली. त्या मैत्रिणीच्या घरी क्रिकेट राहिलं आणि सासूबाईंचं कीर्तन गेलं. तेव्हा ती म्हणाली, "बिल मी भरते, तर यादी सगळ्यांनी बसून करायची." केली. प्रत्येकाची एक तरी वाहिनी राहिली.

महिन्याचा खर्चच नको असेल, तर दूरदर्शनची डीडी फ्री डिश आहे. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा, दरमहा काही नाही. सह्याद्री वाहिनी दिसते. खासगी वाहिन्या मात्र बदलत राहतात, आवडती मालिका मिळेलच असं नाही. आधी शेजारी बघून या.

आता मोबाईल. पोरं 'पहिला महिना फुकट' म्हणून ॲप घेतात. आमच्या एकीच्या खात्यातून पुढे दर महिन्याला पैसे जात राहिले. तिने ॲप काढून टाकलं, तरी जात राहिले! ॲप काढल्याने वर्गणी थांबत नाही. ज्या यूपीआय ॲपवरून पैसे जातात, त्यात 'ऑटोपे' उघडा आणि तिथे ते बंद करा. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. तो मेसेज न वाचता पुसू नका. आणि रिचार्ज करताना विचारा: ह्यात कुठलं ॲप आधीच मिळतंय? नाहीतर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे जातात.

तक्रार आधी केबलवाल्याकडे किंवा कंपनीकडे करा, तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. ऐकलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा.

तर मैत्रिणींनो, आजच वही काढा. आठ दिवस लिहा आणि पुढच्या बैठकीत गटापुढे वाचा. आमच्या त्या मैत्रिणीने पुढच्या महिन्यात हप्ता पुरा आणला.