वाटाघाटीच्या टेबलापलीकडे कोण बसणार?

तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात युनियन भक्कम असेल, तर तिथे पगारवाढीचा प्रश्न कसा सुटतो हे बोईसरच्या श्रोत्यांपैकी अनेकांना घरूनच ठाऊक आहे. जुन्या कराराची मुदत संपत आली की युनियन मागणीपत्र देते, व्यवस्थापन आपला प्रस्ताव ठेवते, महिनोन्‌महिने बोलणी चालतात, अडले तर सरकारी कामगार अधिकाऱ्यापुढे बैठक होते आणि शेवटी दोन्ही बाजू सह्या करतात. त्या कागदात मूळ पगारातली वाढ असते, तशी कँटीनची, बुटांची, रात्रपाळीच्या भत्त्याचीही कलमे असतात. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने या कराराला घातलेली एक शिस्त मला फार मोलाची वाटते. मुदत सरली म्हणून करार आपोआप संपत नाही. कुणीतरी तो संपवण्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतरही दोन महिने तो दोघांना बांधून ठेवतो. इथून जवळच, पालघरच्या सोनोपंत दांडेकर महाविद्यालयासारख्या अनुदानित महाविद्यालयांत, प्राध्यापक, लिपिक आणि प्रयोगशाळा परिचर यांच्या वाट्याला असा करार येत नाही. संघटना त्यांच्याही आहेत. समोर बसून सही करणारा मात्र कुणी नाही, आणि माझ्या मते सगळ्या तंट्याचे मूळ तिथे आहे.

अनुदानित महाविद्यालयात नेमणूकपत्र संस्था देते, पगार राज्य शासन देते, वेतनश्रेणीची चौकट विद्यापीठ अनुदान आयोग आखतो आणि परीक्षा मुंबई विद्यापीठाच्या असतात. संस्थेकडे जावे तर पैसा तिच्या हातात नाही. शासनाकडे जावे तर ते कागदोपत्री मालक नाही. मग दबाव आणायला एकच जागा उरते, ती परीक्षेची. 4 फेब्रुवारी 2013 रोजी एम्फुक्टो या प्राध्यापक संघटनांच्या राज्य महासंघाने परीक्षेच्या कामावर घातलेला बहिष्कार 10 मेपर्यंत चालला. मुद्दे होते सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि 19 सप्टेंबर 1991 ते 3 एप्रिल 2000 या काळात नेमलेल्या बिगर नेट-सेट, म्हणजे या पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या, शिक्षकांच्या सेवेचा प्रश्न. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, बहिष्कार मागे घेतला गेला, शासनाने 71 दिवसांचा पगार रोखला. पुढे 2018 च्या संपात तेच 71 दिवस नवी मागणी होऊन उभे राहिले. शिक्षकेतरांचे वेगळे नाही. विद्यापीठांतल्या कर्मचाऱ्यांची जानेवारी 2016 ते ऑक्टोबर 2020 अशी सातव्या आयोगाची 58 महिन्यांची थकबाकी राहिली. फेब्रुवारी 2023 मध्ये पुन्हा परीक्षांवर बहिष्कार आणि पाठोपाठ बेमुदत संप झाला. प्रत्येक वेळी आश्वासन मिळते, पण ते कधीपर्यंत पाळायचे आणि न पाळल्यास दाद कुठे मागायची, हे ठरलेले नसते.

कारखान्यासारखा लेखी करार महाविद्यालयांतही व्हावा, असे मला वाटते. यावर पहिला आक्षेप कायद्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1978 च्या बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात शिक्षणसंस्थांना ‘उद्योग’ मानले, पण गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या दाव्यावर 1988 मध्ये स्पष्ट सांगितले की शिक्षक ‘कामगार’ नव्हे. हा निकाल मान्य करूनही माझा मुद्दा शिल्लक राहतो. शिक्षकाला कामगार न्यायालयाचा दरवाजा बंद असेल, तर त्याच्यासाठी दुसरा दरवाजा करणे हे विधिमंडळाचे काम ठरते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पैसा जनतेचा, त्यावर घासाघीस कशी करायची? पण केंद्र सरकारने 1966 पासून आपल्या कर्मचाऱ्यांसाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा चालवली आहे. पगार-भत्ते, कामाचे तास आणि रजा यांवर एकमत झाले नाही, तर प्रश्न लवादाकडे नेण्याची तीत सोय आहे, आणि संसदेचा अधिकारही त्यात अबाधित आहे. केंद्राच्या कारकुनाला जे चालते ते पालघरच्या कारकुनाला का चालू नये, याचे उत्तर मला आजवर कुणाकडून मिळालेले नाही.

तिसरा आक्षेप विद्यार्थ्यांचा, आणि तो मी मनापासून मानतो. डहाणू-जव्हारकडून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेल्या मुलीचा निकाल लांबला, तर तिची नोकरीची किंवा पुढच्या प्रवेशाची संधी जाते. पण म्हणूनच संस्था, शासन आणि विद्यापीठ या तिघांना एकाच बाजूला बसवून, ठरावीक मुदतीचा लेखी करार करावा, आणि बोलणी जूनमध्ये सुरू होऊन दिवाळीपूर्वी लवादापर्यंत पोचावीत, असा नियम हवा. परीक्षा तोंडावर आल्याशिवाय कुणी ऐकत नाही हा अनुभव असेपर्यंत संघटना फेब्रुवारीचीच वाट पाहणार. एक अट मात्र संघटनांनी आधी स्वतःला घालून घ्यावी. तारापूरच्या कित्येक कारखान्यांत कायम कामगारांचा करार होतो आणि ठेकेदाराचा माणूस त्याच यंत्रावर करारावाचून राबतो. महाविद्यालयात ती जागा तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाची आहे: शिकवलेल्या तासाचे मानधन, सुट्टीचे काहीच नाही. मागणीपत्रातले पहिले कलम त्याच्या नावाचे असले पाहिजे.