काचेवरचे बोट



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात घातली. अशा व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे, आणि आम्ही तर विद्वान नव्हे. आमचे शिक्षण पाळी सुटल्यावर, युनियनच्या कचेरीतली वर्तमानपत्रे आणि कायद्याची पुस्तके चाळता चाळता झाले. म्हणून आम्ही विषयही कचेरीतलाच घेतला आहे. तो असा की, लॅपटॉपला किंवा टेबलावरच्या संगणकाला बोट लावून काम करता येते, त्याचा खरा उपयोग कोणाला आणि किती?

हा प्रश्न आमच्यापुढे पैशाच्या रूपाने आला. कचेरीसाठी दोन संगणक घ्यायचे होते. दुकानदार म्हणाला, पडद्याला बोट लावून चालणारा हवा असेल तर काही हजार जास्त पडतील. आता युनियनचे काही हजार म्हणजे सभासदांची वर्गणी. कार्यकारिणीत दोन तट पडले. तरुण म्हणाले, मोबाइल बोटाने चालतो, मग संगणक का नको? जुने म्हणाले, माउस आहे, कळा आहेत, काचेला बोटांचे डाग कशाला पाडता? दोघांचेही बोलणे ऐकले आणि आमच्या ध्यानात आले की यांतल्या कोणीच एक गोष्ट विचारली नाही. ती म्हणजे बोट कोणाचे?

ती गोष्ट आम्हांला २०२१ सालच्या एका प्रसंगाने शिकविली होती. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम ही व्यवस्था सुरू केली. आमचा एक कार्यकर्ता आपला लॅपटॉप घेऊन वस्तीत टेबल मांडून बसला. लॅपटॉप योगायोगाने बोटाने चालणारा होता. मासळी विकणाऱ्या एक मावशी आल्या. कार्यकर्ता त्यांच्या पासबुकावरून खात्याचा क्रमांक भरीत होता. मावशींना इंग्रजी वाचता येत नव्हते, पण आकडे पक्के येत होते. त्या पुढे वाकल्या आणि त्यांनी पडद्यावरच्या एका आकड्यावर बोट ठेवले. "दादा, हा आकडा आधी नाही, मागून आहे." पण पडदा काही हलेना. हात ओला होता. मावशी म्हणाल्या, "तुमच्या काचेला आमचं पाणी चालत नाही वाटतं!" त्यांनी बोट पदराला पुसले, पुन्हा ठेवले, आणि लिहिण्याची खूण बरोबर त्या आकड्यापाशी जाऊन उभी राहिली. कार्यकर्त्याने चूक दुरुस्त केली.

या लहानशा प्रसंगात स्पर्शाच्या पडद्याचा गुण आणि दोष दोन्ही आले आहेत. आधी दोष पाहू. आजकालच्या बहुतेक पडद्यांत काचेखाली डोळ्यांना न दिसणाऱ्या वाहक रेषांची जाळी असते आणि तिच्याभोवती अत्यंत सौम्य विद्युत्क्षेत्र असते. माणसाचे शरीर वीज वाहून नेते, म्हणून बोट टेकले की त्या जागी क्षेत्रात फरक पडतो आणि यंत्राला जागा कळते. पण पाणीही वीज वाहते. त्यामुळे ओल्या हाताने यंत्र गोंधळते. उलट, साधा रबरी हातमोजा घातला तर यंत्राला बोटाचा पत्ताच लागत नाही. म्हणजे कोळणीचा हात, रंगाऱ्याचा हात, मोजे घालून काम करणाऱ्या सफाई कामगाराचा हात, या हातांचा विचार या काचेत कमीच झाला आहे. दाबाने चालणारा जुना पडदा नखाने आणि मोजा घालूनही चालतो. पण तो बाजारात मागे पडला.

ही कल्पना काही आजची नाही. इंग्लंडात माल्व्हर्न येथील संशोधनसंस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्यांसाठी स्पर्शाचा पडदा सुचविला आणि १९६५ साली त्यावर लेख लिहिला. टेबलावरच्या संगणकाला बोट लावण्याची सोय अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने १९८३ साली बाजारात आणली. त्या पडद्याच्या चौकटीत बारीक छिद्रे होती, त्यांतून अदृश्य किरण जात, आणि बोटाने किरण अडला की यंत्राला जागा कळे. छिद्रांत धूळ साचे हा एक त्रास. पण त्याहून मोठा त्रास हाताचा होता. उभ्या पडद्यापुढे हात अधांतरी धरून घटकाभर काम केले की खांदा भरून येतो. जाणकारांनी या दुखण्याला थट्टेने 'गोरिलाचा हात' असे नाव ठेवले.

पुढे मोठमोठ्या कंपन्यांचेही या बाबतीत एकमत झाले नाही. ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज यांनी २०१० साली जाहीर सांगितले की उभ्या पडद्याला स्पर्श मानवत नाही, हात थकतो. मायक्रोसॉफ्टने २०१२ साली विंडोज ८ काढून बोटाला अग्रमान दिला. आणि लोकांनी एवढी कुरकुर केली की काढून टाकलेले स्टार्ट बटण पुढच्याच वर्षी परत आणावे लागले. आमच्या मते दोघांचेही अर्धे खरे. एकाने दिवसभर काम करणारा माणूस पाहिला, दुसऱ्याने क्षणभर काम करणारा पाहिला.

हा दिवसभराचा आणि क्षणभराचा भेद आमच्या चळवळीला नवा नाही. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सुमारे सहा महिने संप केला, त्यातली एक तक्रार अशी होती की विणकराला दोनाऐवजी तीन साचे सांभाळायला लावतात. मालकाने साचे मोजले, विणकराचे पाय आणि डोळे मोजले नाहीत. आज दुकानाच्या गल्ल्यावर उभी असलेली मुलगी दिवसातून किती वेळा हात उचलून काच दाबते, हे तरी कोण मोजतो? अशाच एका दुकानातल्या मुली आमच्याकडे खांदे धरून आल्या होत्या. पडदा भिंतीसारखा उभा बसविला होता. आम्ही मागणी केली ती एवढीच की, पडदा कलता व खाली घ्या, आकड्यांसाठी कळा द्या आणि बसायला स्टूल द्या. उभ्याने काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा बसण्याची सोय असावी, हे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४४ व्या कलमाने मान्य केले होते. आम्ही काही नवे मागत नव्हतो. पडदा कलता झाला, कळा मिळाल्या. स्टुलासाठी मात्र आणखी दोन बैठका लागल्या.

आता कळांविषयी थोडे. आम्ही तरुणपणी टंकलेखन शिकलो. त्या पद्धतीलाही स्पर्शपद्धतीच म्हणत. गंमत पाहा, त्या स्पर्शात डोळे कागदावर असत आणि बोटे आपली जागा आपण शोधीत. आजच्या कळफलकावरही दोन कळांना बारीक उंचवटा असतो, तो त्यासाठीच. काचेला असा उंचवटा नाही. ती बोटाचा स्पर्श घेते, पण बोटाला काही सांगत नाही. डोळ्यांना सारखा पहारा करावा लागतो. ज्याला डोळेच नाहीत त्याने काय करावे? रिझर्व्ह बँकेने २०१४ साली नव्या एटीएम यंत्रांना ब्रेलच्या कळा आणि बोलकी सूचना असावी असे ठरविले, त्यामागचे कारण हेच. म्हणून हिशेब, पत्रे, इतिवृत्ते लिहिणाऱ्याच्या हातातल्या कळा काढून घेऊन त्याला काच देणे, याला आम्ही सुधारणा म्हणत नाही.

मग गुण कोणता? मावशींच्या बोटाकडे पुन्हा पाहा. माउस एकाच्याच हातात असतो, आणि ज्याच्या हातात माउस तोच कारकून, बाकीचे सगळे अर्जदार. कचेऱ्यांत पडदा आतल्या बाजूला वळलेला असतो. आपले नाव, आपला खाते क्रमांक तिथे उमटतो आणि आपण टेबलापलीकडून कारकुनाच्या चेहऱ्याकडे पाहत राहतो. बोट मात्र ज्याचे त्याच्याजवळ असते. पडदा मधोमध ठेवला आणि बोट लावण्याची मुभा असली, तर ज्याचा अर्ज आहे तोही "इथे चुकले" म्हणून हात घालू शकतो. माउस न धरलेल्या माणसाला त्याची भीती वाटते; बोटाने दाखविणे तर लहान मुलालाही येते. दुसरा लाभ आपल्या भाषेचा. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक कळफलकांवर इंग्रजी अक्षरेच छापलेली असतात. काचेवर मात्र अ, आ, क, ख डोळ्यांसमोर मांडता येतात. बचत गटाच्या भगिनींनी आपली नावे अशी स्वतः लिहिलेली आम्ही पाहिली आहेत. हळूहळू लिहिली, पण स्वतः लिहिली.

तरी नुसती काच ठेवली म्हणजे स्वावलंबन आले, असे समजू नये. आपल्या उपनगरी स्थानकांवर बोटाने चालणारी तिकीट यंत्रे येऊन बरीच वर्षे झाली. कोणीही स्वतः तिकीट काढावे म्हणून ती बसविली. पण रेल्वेलाच पुढे त्यांच्यापाशी मदतनीस नेमावे लागले, त्यांत सेवानिवृत्त कर्मचारीही आले, आणि लोक यंत्रापुढे नव्हे तर त्या माणसापुढे रांग लावू लागले. त्याचे बोट पडद्याकडे न पाहता धावते. म्हणजे सवयीचा हात तिथेही जिंकला, आणि यंत्रापाशी माणूस लागतोच हेही सिद्ध झाले.

कामगार संघटना यंत्राच्या वैरी आहेत असे आमच्यावर बालंट येते. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी १९८३ साली यंत्रीकरणाबाबत करार केला, त्याचे तात्पर्य एवढेच होते की यंत्र आणा, पण अटी आमच्याशी बोलून ठरवा. स्पर्शाच्या पडद्याविषयीही आमचे म्हणणे तेच आहे. खरेदी करण्यापूर्वी त्या यंत्रावर बसणाऱ्याला विचारा, आणि त्या यंत्रापुढे हात जोडून उभा राहणार त्यालाही विचारा.

शेवटी आम्ही काय घेतले, असे आपण विचाराल. एक यंत्र साधे घेतले. ते आतल्या खोलीत आहे, तिथे हिशेबनीस दिवसभर कळा बडवितो आणि त्याचा खांदा सुखी आहे. दुसरे बोटाने चालणारे घेतले, त्यालाही कळा आहेतच. ते बाहेरच्या टेबलावर आडवे, दोघांना दिसेल असे ठेवले आहे. त्याच्याशेजारी एक कोरडा पंचा असतो. कोणी मावशी आल्या की आम्ही आधी पंचा पुढे करतो, आणि मग म्हणतो, "बघा, बरोबर भरले आहे का? चुकले असेल तिथे बोट ठेवा."

त्या पंच्यासकट यंत्राची किंमत वसूल झाली, असे आमच्या कार्यकारिणीचे मत आहे.