पट सप्टेंबरचा, परीक्षा डिसेंबरची

(पालघर येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापलाय 'पालघर जिल्ह्यातील शाळा : गुणवत्ता, लोकसंख्या आणि निधी'. 1 ऑगस्ट 2014 ला आपला जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला, तालुके आठ, हे या सभागृहाला मी सांगायला नको. 2011 च्या जनगणनेत वस्ती 30 लाखांच्या घरात, त्यात आदिवासी 37 टक्के, हेही तुम्हाला ठाऊक आहे. पण हे 37 टक्के सारखे पसरलेले नाहीत. वसईत हे प्रमाण दहाच्या आत. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरीत नव्वदच्या वर. या सगळ्यांची एक सरासरी काढायची आणि ती शेजारच्या जिल्ह्याशेजारी मांडायची, ही पद्धत मला मान्य नाही.

दिल्लीहून जिल्ह्यांची प्रतवारी होते. 83 निर्देशक, 600 गुण. पहिल्या रांगेतले निवृत्त गुरुजी म्हणताहेत, यातले निम्मे रकाने आम्हीच रात्री जागून भरले! (हशा) भरले असतील गुरुजी, आणि प्रामाणिकपणे भरले असतील. माझं भांडण रकान्यांशी नाही, तारखांशी आहे.

शाळेचा पट मोजायचा तो 30 सप्टेंबरला. त्यावर संचमान्यता, म्हणजे शिक्षक किती ते ठरतं. भात अजून शेतात असतं, माणसं गावात असतात, मुलं वर्गात असतात. मग दिवाळी होते आणि पाड्यांवरची बिऱ्हाडं वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. आता सर्वेक्षणांच्या तारखा पाहा. 2021 चं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण 12 नोव्हेंबरला झालं, दिवाळीच्या पुढच्याच आठवड्यात. 'परख'चं 4 डिसेंबर 2024 ला. पट सप्टेंबरचा आणि परीक्षा डिसेंबरची! मधल्या काळात जे मूल भट्टीवर गेलं, ते त्या दिवशी परीक्षेला बसलंच नाही. त्याला वाचता येतं की नाही, हे कुठल्याच आलेखात उतरत नाही.

विक्रमगडकडच्या एका पाड्यावर जानेवारीत मी हजेरीपट पाहिला. दिवाळीपर्यंत ओळी भरलेल्या. पुढे काही नावांसमोर बाईंनी पेन्सिलीने भट्टीचं गाव लिहिलं होतं. शाईने का नाही, विचारलं, तर म्हणाल्या, "मुकादम मध्येच दुसऱ्या भट्टीवर नेतो सर, खोडावं लागतं." शिक्षण हमी कार्ड त्यांनी प्रत्येकाच्या हाती दिलं होतं. कार्ड घेऊन भट्टीजवळच्या शाळेत जायचं, ती दाखल करून घेते, अशी योजना. पण आई विटा थापते, बाप माती कालवतो, तान्हं पोर मोठीच्या कडेवर. तिला शाळेत नेणार कोण?

आता पैशाकडे येतो. शाळेला समग्र शिक्षाचं संयुक्त अनुदान पटावर मिळतं. शंभरापर्यंत पटाच्या शाळेला 25 हजार, शंभराच्या पुढे अडीचशेपर्यंत 50 हजार, अगदी लहान शाळेला त्याहून कमी. दिसायला हा न्याय आहे. पण पाड्यावरच्या छोट्या शाळेचंही छप्पर गळतं, तिलाही वीजबिल येतं, आणि तिच्यातलं मूल घरी वारली बोलतं, पुस्तक मात्र प्रमाण मराठीत. म्हणून माझं म्हणणं एकच : डोकी मोजून पैसा देऊ नका, अडचण मोजून द्या. नेदरलँड्सने 1985 साली हेच केलं. कमी शिकलेल्या स्थलांतरित आईबापांचं मूल पटावर 1.9 धरायचं, म्हणजे जवळजवळ दोन मुलांचं मनुष्यबळ त्या शाळेला मिळायचं. भट्टीवर जाणारं आपलं मूल दोन का धरू नये? (टाळ्या)

तिकडे कशाला जायचं? आपल्या डहाणूतच पाहा. 1945 साली ताराबाई मोडकांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ सोबत आल्या, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पोरं शाळेत येईनात, तर या बायका पाड्यावर गेल्या, अंगणात बालवाडी भरवली. माँटेसरीची महागडी साधनं कुठली आणणार? शंख-शिंपले, बिया, पानं घेतली. आधी मुलांना आंघोळ घातली, केस विंचरले, मग गाणी. तरी थोरली पोरं येईनात, कारण गुरं राखायची होती. मग कुरणशाळा निघाली. गुरं चरताहेत तिथेच शिक्षक, तिथेच पाटी. मुलाचं काम आधी पाहिलं, वेळापत्रक त्यावरून ठरवलं. गैरहजर म्हणून कोणाचं नाव कापलं नाही. याच जिल्ह्यात हे घडलं, आणि आज आपण भट्टीशाळेला अपवादात्मक उपक्रम म्हणतो, याचं मला फार वाईट वाटतं. कोसबाडबद्दल अजून...

चिठ्ठी आली आहे. दहाच मिनिटं.

बोईसरची मंडळी चुळबुळताहेत. तुमच्याकडे 1969 पासून अणुवीज केंद्र आहे, वसाहतीत अणुऊर्जा केंद्रीय विद्यालयं आहेत. त्यांच्या निकालाशी चाळीतल्या जिल्हा परिषद शाळेची तुलना करू नका, एवढंच म्हणतोय. तिथे एमआयडीसीतल्या कामगाराचं मूल वर्षाच्या मध्यावर उत्तर प्रदेशातून येतं. सप्टेंबरच्या पटात ते नसतंच. पाड्यावर पट घटतो, तुमच्याकडे वाढतो, मोजणीचा दिवस दोघांवर अन्याय करतो. मागून कोणी म्हणालं, आमच्या कारखान्यांचा सीएसआर शाळांनाच जातो. जातो, मान्य. रंग येतो, बाकं येतात, संगणक येतात. भट्टीवरच्या मुलीला हाताला धरून शाळेत नेणारं माणूस त्यातून येत नाही, आणि मला ते माणूस हवंय.

शिक्षकांच्या आंतरजिल्हा बदल्या, पेसा भरती, आश्रमशाळा, सगळं राहिलं. एक मात्र सांगूनच खाली बसतो. 2015 पासून पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतले 5 टक्के अबंध निधी म्हणून थेट मिळतात आणि शिक्षणावर ते खर्च करता येतात. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत शाळा व्यवस्थापन समितीने पट ठेवावा, दिवाळीनंतर कुठली मुलं जाणार त्यांची नावं वाचावीत, आणि त्यांच्यासाठी गावातच हंगामी वसतिगृहाची तजवीज झाल्याशिवाय सभा उठू देऊ नये. विक्रमगड आणि मोखाड्याहून जे आले आहेत त्यांनी जाण्याआधी मला भेटा. ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे.